नवरा-बायको, ई-मेल आणि कायदा

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील तरुणांसमोर केलेले भाषण)



आज एकाच प्रश्नावर बोलते. नवरा-बायको वेगळे होऊ लागले आणि एकाने दुसऱ्याचा ई-मेल गुपचूप उघडला, तर कायदा काय म्हणतो?

आपल्या बारामती-इंदापूरकडे अनेक मुलींना पहिला स्मार्टफोन घरचेच कुणी घेऊन देते. दुकानातच ई-मेल खाते उघडले जाते आणि नंबर टाकला जातो भावाचा किंवा नवऱ्याचा. संसार सुरळीत असतो तोवर त्याचे काही वाटत नाही. प्रकरण कोर्टात गेले की त्याच नंबरवर ओटीपी जातो आणि तिने वकिलाला पाठवलेले कागदही समोरच्याच्या हाती पडतात.

"बायकोच आहे, बघितलं तर काय बिघडलं?" असे नवरे म्हणतात. बायकाही नवऱ्याबद्दल तेच म्हणतात. याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. २०११ मध्ये मुंबईत माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील न्यायनिर्णय अधिकाऱ्यांपुढे असे प्रकरण आले. बायकोने नवऱ्याचे आणि सासऱ्याचे ई-मेल खाते परवानगीशिवाय उघडून त्यातला मजकूर पोलिसांना दिला होता. हे कलम ४३ चे उल्लंघन ठरले. मजकूर फक्त पोलीस व कोर्टापुढे ठेवला होता, म्हणून भरपाई न लावता १०० रुपये नाममात्र दंड झाला.

रक्कम ऐकून हसू नका. हेच काम अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

१४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराशी झालेल्या बोलण्याचे गुपचूप केलेले रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालेल, असे म्हटले. काहींनी त्याचा अर्थ हेरगिरीला मोकळीक असा घेतला. पण त्या प्रकरणात नवऱ्याने स्वतःचेच बायकोशी झालेले बोलणे रेकॉर्ड केले होते, तिचे खाते फोडले नव्हते. शिवाय कोर्टाने पुरावा पाहिला म्हणून तो मिळवण्याची रीत कायदेशीर ठरत नाही.

२२ ऑगस्ट २०१७ चा तीन तलाकचा निकाल आपल्याला पाठ आहे. दोनच दिवसांनी, २४ ऑगस्टला, नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तीही तारीख लक्षात ठेवा. निकाहनाम्यावर सही केली म्हणून हा हक्क संपत नाही.

२०१९ च्या कायद्याने ई-मेल किंवा मेसेजवर दिलेला तीन तलाकही रद्दबातल आणि गुन्हा ठरवला आहे. असा मेसेज आला तर पुसू नका. तो तुमच्याच फोनवर आलेला पुरावा आहे, त्यासाठी त्याचे खाते उघडायची गरज नाही. कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

बहिणींनो, आज घरी जाऊन खात्याला स्वतःचा नंबर टाका, पासवर्ड बदला आणि खाते आणखी कोणत्या फोनवर सुरू आहे ते पाहून तिथून काढा. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आणि भावांनो, लग्न ठरले की पासवर्ड मागू नका. तिने मागितला तर तुम्हीही 'नाही' म्हणू शकता.