भाजीत मिसळलेली गोळी
(गोंदिया जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



देवरी तालुक्यातल्या एका बैठकीनंतर एक बाई मागे थांबली. कमरेच्या पिशवीतून तिने गोळ्यांची पट्टी काढली. "बाई, हे मी त्याच्या भाजीत टाकतो. त्याले मालूम नाही."

तिला दोष देणे मला जमले नाही. रोज मार खाणारी बाई दुसरे काय करणार? पण पट्टीवर डायसल्फिराम लिहिले होते, म्हणून बोलावेच लागले.

ही गोळी दारूची ओढ कमी करत नाही. दारू पचवताना शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचे विष तयार होते. ते मोडण्याचे काम ही गोळी अडवते. मग वर दारू प्यायली की तोंड लाल होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. क्वचित जीवही जातो. गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत हा धोका राहू शकतो. म्हणून ती त्याला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची. चोरून दिली आणि काही झाले, तर आळ बाईवरच येणार.

दुसरी औषधेही आहेत. नालट्रेक्सोनने पिण्याची ओढ कमी होते. अकॅम्प्रोसेट सोडलेली दारू सुटलेलीच राहायला मदत करते. दोन्ही तपासणी करूनच घ्यायची. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली, तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. तेव्हा भगताकडे नाही, दवाखान्यात न्या.

शेजारच्या गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ साली दारूबंदी झाली. त्यात बाया पुढे होत्या. मोहाच्या भट्टीविरुद्ध आपणही लढतो, लढलेच पाहिजे. पण भट्टी विझली तरी जडलेला आजार उरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले विकारही येतात. सरकारी उपचार हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

एक मात्र विसरू नका. गोळीने दारू सुटेल, हात उगारण्याची सवय सुटेलच असे नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. नवऱ्याला सुधारणे ही एकट्या बायकोची जबाबदारी नाही.

भट्टीवर मोर्चा नेतो, तसाच एक मोर्चा रुग्णालयावर नेऊ या. मागणी एवढीच: औषध द्या, समुपदेशन द्या, आणि बाईचेही ऐका.