खाली राहिलेली नळी
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पावसाळा सरताना मी कळसूबाईला गेलो होतो. माथ्यावर बाटलीतलं उरलंसुरलं पाणी प्यायलो, झाकण घट्ट लावलं आणि बाटली पिशवीत टाकली. रात्री मुंबईला घरी पिशवी रिकामी केली, तर बाटलीच्या दोन्ही कुशी आत गेलेल्या. झाकण सैल करताच फस्स करून हवा आत शिरली आणि बाटली पुन्हा फुगली. आज त्या ‘फस्स’विषयी बोलायचं आहे.

वायूचा दाब म्हणजे रेणूंचा मारा. या सभागृहातले हवेचे रेणू सेकंदाला सुमारे 500 मीटर वेगाने भिंतींवर आणि आपल्या अंगावर आपटत आहेत. पत्र्यावर पहिले थेंब सुटे ऐकू येतात, सर आली की सलग नाद होतो. तसंच हे आहे. असंख्य टकरा मिळून दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार पडतो.

हे चित्र डोळ्यांसमोर असलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दट्ट्या खाली ढकला. जागा निम्मी झाली की रेणू भिंतींवर दुप्पट वेळा आपटतात. तापमान तेच राहिलं तर दाब दुप्पट होतो. रॉबर्ट बॉइल यांनी हा नियम 1662 साली मांडला. जागा तीच ठेवून हवा तापवली, तर रेणू अधिक जोराने आणि अधिक वेळा आपटतात. मात्र इथे तापमान केल्विनमध्ये मोजायचं. टायरमधली हवा 27 अंश सेल्सिअसवरून 57 वर गेली, म्हणजे 300 केल्विनवरून 330 वर. एकूण दाब दहा टक्क्यांनी वाढला. काट्यावर 32 पीएसआय असेल तर साधारण 37 दिसतील, कारण काटा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब तेवढा दाखवतो. म्हणून हवा तपासायची ती टायर थंड असताना.

आता उंची. इटलीचे शास्त्रज्ञ टोरिचेल्ली यांनी एका टोकाला बंद असलेली नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्या भांड्यात उपडी केली, तर नळीतला पारा सुमारे 76 सेंटिमीटरवर थांबत असे. पारा हवेच्या भारामुळे तोलला जात असेल, तर डोंगरावर तो उतरला पाहिजे, असं फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांचं म्हणणं. ते स्वतः पॅरिसमध्ये होते. फ्रान्समधल्याच क्लेरमाँ गावी त्यांचे मेव्हणे फ्लोरँ पेरिए राहत, आणि जवळच पुई द डोम हा डोंगर होता. 19 सप्टेंबर 1648 रोजी पेरिए नळी आणि पारा घेऊन वर गेले. माथ्यावर पारा आठ सेंटिमीटरांहून अधिक उतरलेला होता.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाची वाटते ती खाली राहिलेली नळी. निघण्यापूर्वी पेरिए यांनी तशीच एक नळी मठाच्या बागेत उभी केली आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला एका साधूला बसवलं. त्या नळीतला पारा जागचा हलला नाही. म्हणून फरक हवामानामुळे पडला नाही, उंचीमुळे पडला, असं ठामपणे म्हणता आलं.

माझ्या बाटलीलाही हाच प्रश्न विचारायला हवा. माथ्यावरची उन्हातली हवा रात्री निवली म्हणून ती आक्रसली नसेल कशावरून? हिशेब करू. हवा दहा अंशांनी निवली तर तिची जागा तिसाव्या हिश्श्याने घटते. कळसूबाई 1646 मीटर उंच. तिथला दाब समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण पाच-षष्ठांश. म्हणजे केवळ उतरल्यामुळे लिटरभर हवा सहाव्या हिश्श्याने आकसायला बघते. बाटली चेपली ती मुख्यतः उंचीमुळे.

पण हा झाला कागदावरचा हिशेब. पुढच्या वेळी मुलांना गडावर न्याल तेव्हा दोन सारख्या बाटल्या घ्या. एक माथ्यावर बंद करा. दुसरी त्याच वेळी पायथ्याला थांबलेल्या कुणाकडून बंद करून घ्या. संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवा. वर चढणारं मूल आनंदात असेलच. खाली थांबलेल्या मुलालाही सांगा, तुझ्या बाटलीवाचून हा प्रयोग पुरा झाला नसता.