दगडी शेतघर राहते करताना



खडवली स्टेशनावर उतरून भातसेच्या बाजूला चालू लागले, की शेतात एखादे जुने दगडी घर अजून दिसते. असेच एक माझ्या एका स्नेह्यांनी हौसेने घेतले. भात नि गुरे ठेवण्यासाठी बांधलेली ती वास्तू. गोठ्याचे स्वयंपाकघर केले, खिडक्या वाढविल्या; इथवर सारे ठीक. मग गवंड्याने दरजा खरवडून त्यांत सिमेंट भरले, आतून सिमेंटचाच गिलावा केला, आणि भिंत ‘पक्की’ झाली म्हणून सांगितले. दुसऱ्या पावसाळ्यात तिला कमरेइतकी ओल चढली!

ही भिंत आपल्याला एकसंध वाटते. वस्तुतः त्या दोन भिंती असतात. आतबाहेर दगडांचे थर, मध्ये दगडगोटे नि चुनामातीची भर, आणि दोहोंना जखडणारे अधूनमधून आरपार लांब दगड. आपला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो पाणी फारसे पीत नाही. पाणी शिरते सांध्यांतून, आणि बाहेर पडते तेही सांध्यांतूनच. चुना सच्छिद्र, आषाढात घेतलेली ओल तो आश्विनात वाऱ्यावर सोडतो. सिमेंटच्या बारीक भेगांतून पाणी आत जातेच, परतायला मात्र वाट उरत नाही.

भिंत ओली राहिली तर एकवेळ चालेल. पण तुळयांची टोके त्याच भिंतीत रुतलेली असतात. ती आतल्या आत कुजतात, आणि खोलीत उभे राहून पाहावे तर तुळई ठणठणीत!

सिमेंटशी माझे वैर नाही. १८२४ साली इंग्लंडात अ‍ॅस्पडिनने त्याचे पेटंट घेतले. त्यावाचून आजचे पूल नि गच्च्या झाल्या नसत्या. परंतु ते नव्या बांधणीचे सोबती. जुन्या दरजेला चुनाच हवा. पूर्वी बैल जुंपून तो घाणीत मळीत, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालीत. दरज भरल्यावर काही दिवस गोणपाट ओले ठेवायचे, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. आजच्या कंत्राटदाराला इतकी सवड नसते, ही खरी अडचण.

स्नेह्यांनी अखेर गिलावा काढविला. दोन तुळयांची टोके बोटांनी कुसकरली; तेवढे लाकूड कापून नवे सागवान सांधले. जोत्यालगत बाहेर घातलेली फरशीही उखडली, कारण पागोळ्यांचे पाणी तिच्यावरून उसळून भिंतीवर जात होते. भिंत वाळायला दोन उन्हाळे लागले.