लांब शब्द कुठे तोडावा

(रेडिओवरील भाषण)



आमच्या मिरा-भाईंदरमध्ये संध्याकाळी कुठल्याही चाळीच्या जिन्यावर उभं राहिलं, की एखाद्या घरातून स्पेलिंग पाठ केल्याचा आवाज येतो. सी, ओ, एम, एम, यू... 'कम्युनिकेशन'ची १३ अक्षरं एका सुरात म्हणायची आणि मधेच गाडी अडली की पुन्हा पहिल्यापासून. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. कॅट, रॅट, मॅट असतात तोवर पाठांतरावर भागतं. वरच्या वर्गांत, विशेषतः सेमी-इंग्रजीच्या विज्ञानात, लांबलचक शब्द यायला लागले की हुशार मुलंही धास्तावतात. मला कळकळीनं सांगायचंय ते एवढंच, की मुलांना हे शब्द तोडायला शिकवा. कसे तोडायचे ते मराठी मुलाला अर्धंअधिक आधीच येत असतं.

शब्द दोन तऱ्हांनी तुटतो, एकदा जिभेनं आणि एकदा अर्थानं. 'घरात' हा आपला साधा शब्द घ्या. अर्थानं तोडला तर घर आणि आत. पण तोंडानं आपण म्हणतो घ-रात. हे दोन छेद एका जागी पडत नाहीत आणि त्यानं आपलं काही अडत नाही. इंग्रजीत हेच होतं. 'नॅशनल' अर्थानं तुटतो तो नेशन आणि अल असा. जीभ मात्र तो नॅ-श-नल असा तोडते. वाचायचं असेल तेव्हा जिभेचा छेद घ्या, समजून घ्यायचं असेल तेव्हा अर्थाचा. 'कम्युनिकेशन' टाळ्या वाजवत म्हणून पाहा: क-म्यु-नि-के-शन. पाच टाळ्यांत संपला. लिहिताना 'शन' ही आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण टाळी एकच. इंग्रजीत तिला सिलॅबल म्हणतात; आपण अवयव म्हणू.

आता अर्थाचा छेद. इंग्रजीतल्या लांब शब्दांपैकी फार मोठा वाटा लॅटिनचा, काही थेट आलेले, काही फ्रेंचमधून. लॅटिन शब्दाची ओळख त्याच्या प्रत्ययात असते. 'आलिस' हा तिथला एक प्रत्यय, 'च्या संबंधीचा' अशा अर्थाचा. त्याचा इंग्रजीत 'अल' झाला: मेडिकल, नॅशनल, म्युनिसिपल. हा प्रत्यय मुलांना परका वाटायचं काही कारण नाही, कारण आपल्या मिरा-भाईंदरमधल्याच उत्तन-डोंगरीच्या किनाऱ्यावर तो इंग्रजांच्या कितीतरी आधी येऊन पोहोचला. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती घेईपर्यंत हा सारा मुलूख त्यांच्या अमलाखाली होता. पोर्तुगीज ही लॅटिनचीच लेक. 'नाताळ' तिच्याकडून आपण घेतला. मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्माचा, जन्मासंबंधीचा. नाताळमधला तो शेवटचा 'ळ' आणि म्युनिसिपलमधला शेवटचा 'ल' एकाच प्रत्ययाचे. हॉस्पिटलचं आपण इस्पितळ केलं, तिथेही तोच. कॅथलिक चर्चमध्ये १९६० च्या दशकापर्यंत मिस्सा, म्हणजे उपासनाविधी, लॅटिनमध्येच होई, त्यामुळे उत्तनच्या वयस्कर ख्रिस्ती मंडळींच्या कानांवरून तर प्रत्यक्ष लॅटिन गेलेली आहे.

याहून जुनं नातंही आहे. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमाच्या भाषा असाव्यात असं मांडलं. प्रत्यय शेजारी शेजारी ठेवले की ते पटतं. 'नेशन'मधल्या 'शन'चं मूळ लॅटिनमध्ये 'तिओ', आणि त्याचा भाऊबंद म्हणजे आपल्या गति, स्थिति, जाति यांतला 'ति'. नेशन आणि जाति तर धातूनंही एकच: दोन्हींच्या मुळाशी जन्मणं आहे. नॅशनॅलिटीतली 'इटी' आणि राष्ट्रीयतेतली 'ता' यांचंही गोत्र एक. डॉक्टर, कॉर्पोरेटर यांतला 'टर' म्हणजे दाता, नेता, वक्ता यांतला 'ता', मूळचा 'तृ'. मुलाला 'टी आय ओ एन' घोकायला लावण्याआधी हे सांगितलं, तर ती चार अक्षरं निदान निरर्थक तरी राहत नाहीत. लॅटिनमध्ये त्यांचा उच्चार खरोखरच 'तिओ' असा सुटा होता; फ्रेंचमधून येताना 'त'चा 'स' झाला, पुढे इंग्रजीत सगळं आक्रसून 'शन' उरलं. स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं.

राहिला प्रश्न आघाताचा. तिथे आपण सगळेच चुकतो, कारण मराठीत शब्दाच्या एका भागावर असा जोर द्यावा लागत नाही. पण शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरू आपण केलेले असतात. लॅटिनचा नियम त्याच मापाचा होता. शेवटून दुसरा अवयव गुरू असेल तर जोर त्याच्यावर. लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर. इंग्रजीनं लॅटिन शब्दांपुरता तो पुष्कळसा पाळला. 'अजेंडा'त 'जें' गुरू, म्हणून जोर तिथे. 'डिसेंबर'मध्ये 'सें'वर. 'मेडिकल'मध्ये 'डि' लघु, म्हणून जोर मागे सरकून 'मे'वर. अपवाद आहेत, पण 'शन' आणि 'इटी' या दोन शेवटांबाबत नियम सहसा दगा देत नाही: त्यांच्या लगेच आधी जो अवयव, त्याच्यावर जोर.

म्हणून प्रत्यय बदलला की जोर जागा सोडतो. 'म्युनिसिपल' म्हणताना तो 'नि'वर असतो. 'इटी' लागून 'म्युनिसिपॅलिटी' झाली, की तो 'पॅ'वर जातो. आमच्याकडे १९८५ मध्ये नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. कागदोपत्री नाव बदललं तरी नळाच्या पाण्याची तक्रार करायला निघालेली जुनी माणसं अजून 'मुन्सिपाल्टी'त जातो असंच म्हणतात. शिकलेले लोक या उच्चाराला हसतात. पण सहा अवयवांचा तो शब्द बोलणाऱ्यांनी चारांवर आणला, तेव्हा गाळले ते मुख्य जोर नसलेले दोन 'इ'कार. जोराचा 'पाल' त्यांनी जागच्या जागी ठेवला.