हरणारा संघ आणि आपण
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज मी अभ्यासाविषयी नव्हे, फुटबॉलविषयी दोन शब्द बोलणार आहे. कॉलेजात असताना मी संघात बॅकला खेळत असे. आमचा संघ नेहमी हरे. एका पावसाळ्यात आम्ही सात गोलांनी हरलो. निम्म्या मुलांच्या पायांत साधे कॅनव्हासचे बूट होते आणि आपल्या विदर्भाच्या काळ्या मातीत पाय ठरत नव्हता. बाहेरून माजी विद्यार्थी ओरडत होते, "शिक्षक बदला!" पुढच्या वर्षी शिक्षक बदलले. बूट तेच राहिले, निकालही तोच राहिला.

आमचा गोलरक्षक इंग्रजीत नापास होऊन कॉलेज सोडून गेला. त्याला नावे ठेवणारे पुष्कळ होते. संध्याकाळी तासभर इंग्रजी शिकविणारा कोणी नव्हता. नावे ठेवणाऱ्यांत मीही होतो. आज शिक्षक म्हणून त्याची आठवण मला बोचते.

संघ सुधारतो कसा? कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे उदाहरण घ्या. १८९१ साली स्थापन झालेल्या या क्लबने १९३४ साली कलकत्ता लीग जिंकली. असे करणारा तो पहिला भारतीय क्लब. १९३८ पर्यंत सलग पाच वेळा त्याने ती जिंकली. त्या काळी बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळत आणि पावसात घसरत. या क्लबने ओल्या मैदानावर बूट घालण्याची सवय लावली. उपाय किती साधा! पुढे पडता काळही आला. १९८१ नंतर ती लीग पुन्हा जिंकायला २०२१ उजाडले. चाळीस वर्षे समर्थकांनी क्लबची साथ सोडली नाही. २०२४ साली हाच क्लब आय-लीगचा विजेता झाला.

इतके दूर कशाला? आपल्या नागपूरला हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांना घेऊन फुटबॉलचे काम सुरू केले. आधी मुले जिंकू देत, मग मी मदत करीन, असे ते म्हणत बसले नाहीत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. कॉलेजच्या संघाविषयी तुमचा जीव तुटतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण प्राचार्यांकडे तक्रारीचा अर्ज नेताना सोबत बुटांचे चार जोडही न्या. रविवारी सकाळी या, मैदानावर चुन्याच्या रेषा मारा, मुलांबरोबर सामना खेळा. नागपूरला सामना असेल तर गाडीभाड्याची सोय करा. एखादा खेळाडू विषयात मागे असेल, तर त्याला शिकवा. आणि निदान तीन वर्षे निकाल विचारू नका.

पालकहो, दहावी आली की तुम्ही चेंडू माळ्यावर टाकता. तुमची काळजी मला समजते. पण संध्याकाळचा एक तास खेळल्याने मूल बिघडत नाही. उलट वेळ पाळायला आणि हार पचवायला शिकते.

विद्यार्थी मित्रांनो, हरलात तरी दुसऱ्या दिवशी सरावाला वेळेवर या. तुम्ही आलात तर आम्हा मोठ्यांनाही यावेच लागेल. येत्या रविवारी मी स्वतः मैदानावर असेन.