फोटोत कसं उभं राहायचं, ते कोण ठरवणार?

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, रेडिओचा आवाज तेवढा वाढवा. आज फोटोबद्दल बोलायचंय.

फोटो आता कुणाला नवा नाही. गटाची बैठक झाली की फोटो, कर्जाचा चेक मिळाला की फोटो, झाड लावलं की फोटो. बाहेरून पाहुणे आले की सुरू होतं, "ताई, जरा पुढे सरका, पदर घ्या, इकडे बघून हसा." आम्ही हसतो. मग तो फोटो कुठल्या तरी अहवालात जातो आणि खाली 'लाभार्थी महिला' एवढंच छापतात. वर्षभर गटाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईचं नावसुद्धा नसतं. आणि फोटोची एक प्रत गावात परत येईल, तर शप्पथ! ही तक्रार आम्ही जाऊ त्या गटात निघते.

म्हणून गौरी गिल यांचं काम तुम्हाला सांगावंसं वाटलं. दिल्लीच्या या फोटोग्राफरबाईंना २०२३ साली 'प्री पिक्टे' हा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, एक लाख स्विस फ्रँकचा. कशासाठी? तर पश्चिम राजस्थानच्या वाळवंटातल्या साध्या माणसांच्या फोटोंसाठी. १९९९ पासून त्या तिथे जात होत्या. म्हणजे पुरस्कार मिळेपर्यंत चोवीस वर्षं झाली. एका दिवसात चार गावं उरकणाऱ्यांनी हे जरा ऐकावं. इतक्या वर्षांत ओळख किती वाढली बघा. तिथल्या एका सुईणीने नातीच्या जन्माच्या वेळी त्यांना आपणहून फोटो काढायला बोलावलं. बाळंतपणाच्या जागी कॅमेरा! आपल्याकडे नवऱ्यालाही आत घेत नाहीत. पण इथे बोलावणारी आजीच होती, आणि बाळाला हातात घेणारी सुईणही तीच.

आम्हाला सगळ्यात आवडली ती बालिका मेळ्याची गोष्ट. बिकानेर जिल्ह्यात लूणकरणसर नावाचं गाव आहे. २००३ साली उरमूल सेतू या संस्थेने तिथे मुलींची जत्रा भरवली. आसपासच्या खेड्यांतून मुली आल्या. गिल यांनी तिथे एक फोटोचा तंबू उभारला. मागे पडदा आणि गावात मिळालं तेवढं किरकोळ सामान, बस. मुलींनी आत यायचं, एकटीने यायचं की मैत्रिणीला घेऊन ते ठरवायचं, हातात काय धरायचं आणि कसं उभं राहायचं तेही आपणच ठरवायचं. हवा असेल तर फोटो कमी पैशांत विकतही मिळायचा. त्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत मुली थेट कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बघतात. त्यांना 'हसा' म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. गिल यांनी मुलींना फोटो काढायलाही शिकवलं, आणि त्यातल्या एकीने पुढे स्वतःचं फोटोचं दुकान काढलं. हे ऐकून आमच्या गटातल्या एका काकूंनी लगेच विचारलं, "भांडवल किती लागलं असेल?" आमच्या बाया मुद्द्यावरच येतात.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. पालघर जिल्ह्यात जव्हारकडे बोहाड्याला सोंगं निघतात, देवादिकांचे आणि राक्षसांचे कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून. गिल यांनी तिथल्या कडू बंधूंना आणि त्यांच्या सोबतच्या कारागिरांना सांगितलं, की देवांचे नको, आजच्या जगण्याचे मुखवटे करा. मग माणसांचे, जनावरांचे, अगदी घरातल्या वस्तूंचेही मुखवटे झाले. गावकऱ्यांनीच ते घालून रोजचे प्रसंग उभे केले आणि त्यांचे फोटो निघाले. हे फोटो न्यूयॉर्कलाही प्रदर्शनात लागले. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्याबरोबर तर त्यांनी आणखी वेगळं केलं. वांगड आपल्या गावाच्या गोष्टी सांगायचे, पण त्या फोटोत काही दिसायच्या नाहीत. मग वांगडांनी त्याच फोटोंवर वारली चित्रं काढली. चित्राखाली नावं दोघांची. आमच्या मते खरी वाटणी ती ही.

आता कुणी म्हणेल, या मोठ्या कलाकारांच्या गोष्टी, आपल्याला काय उपयोग? आम्ही या गोष्टी ऐकल्यावर बैठकीच्या वहीत ठराव लिहिला. फोटो काढणाऱ्याने आधी सांगायचं, फोटो कशाला हवा आणि कुठे छापणार. जिची इच्छा नसेल तिने बाजूला बसायचं, तिला कुणी ओढून आणायचं नाही. फोटोखाली नाव घालायचं. एक प्रत गटाला द्यायची, मोबाइलवर पाठवली तरी चालेल. मुलींच्या फोटोबाबत आईला विचारल्याशिवाय काहीच नाही.

ठरावानंतर तीन पाहुणे येऊन गेले. दोघांनी ऐकलं, एकांनी तर नावं स्वतः लिहून घेतली. तिसरे म्हणाले, "एवढा वेळ नाही हो ताई." त्यांना आम्ही चहा दिला, फोटो दिला नाही.

तुमच्या गटात काय ठरतंय ते रेडिओ केंद्रावर कळवा.