इकोची फाइल कोणाची?



मी डॉक्टर नाही. गाव बीड जिल्ह्यातलं, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची. तरी आज लहान मुलांच्या हृदयावर बोलायला उभा आहे, त्याचं कारण माझी भाची.

आपाची ही मुलगी तीन महिन्यांची असताना दूध पिताना थकायची. कपाळावर घाम यायचा, वजन वाढेना. घरातल्या बायका म्हणाल्या, नजर लागली. शेवटी टू-डी इको झाला आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र निघालं. हातात मिळाला एक कागद, त्यावर चिकटवलेली दोन काळीपांढरी चित्रं. पुण्यात डॉक्टरांनी विचारलं, "व्हिडिओ कुठे आहे?" तो कोणी जपलाच नव्हता. अशा छिद्रामुळे फुप्फुसांवर दाब वाढत जातो, आणि एका मर्यादेपलीकडे गेला तर ऑपरेशनची वेळ निघून जाते. मधल्या महिन्यांत काय बदललं, हे पाहायला आधीचं काहीच नव्हतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. नशिबानं ऑपरेशन वेळेत झालं.

इकोचा जन्मच भागीदारीतून झाला आहे. 1953 साली स्वीडनमधल्या लुंड इथे डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी जहाजाच्या पोलादातल्या भेगा शोधायचं यंत्र छातीवर लावून पाहिलं. (इंजिनिअर म्हणून मला ही गोष्ट फार आवडते.) आज ही भागीदारी अनेक रुग्णालयांची असावी लागते, कारण जन्मजात हृदयविकाराचे प्रकार इतके, की एखाद्या प्रकाराची पुरेशी मुलं एका रुग्णालयात सापडतच नाहीत.

आणि मोजपट्टीचाही प्रश्न आहे. मुलाची महाधमनी अरुंद आहे की नाही, हे त्याच्या उंची-वजनाशी ताडून ठरवतात. त्यासाठी निरोगी मुलांची मापं लागतात. उत्तर अमेरिकेतल्या 19 केंद्रांनी मिळून 3 हजारांहून अधिक निरोगी मुलांचे इको एकत्र केले आणि अशी एक पट्टी तयार केली. काम उत्तमच. पण बीडच्या अंगणवाडीतलं कमी वजनाचं मूल त्या 3 हजारांत नाही. शिवाय पट्ट्या अनेक आहेत. वेगळ्या पट्टीनं त्याच मुलाचा निकाल वेगळा येऊ शकतो.

आपली मुलं मोजली का जात नाहीत? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणं अपेक्षित आहे, आणि जन्मजात हृदयविकार त्याच्या यादीत आहे. पण दिवाळीच्या सुमारास कोयत्याच्या जोड्या कारखान्याकडे निघतात, मुलं बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर. परततात ते उन्हाळ्यात. हिवाळ्यात पथक आलं तर हजेरीपटावर नाव असतं, मूल पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या फडात. एका जिल्ह्यात ऐकलेली धडधड दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला कळायची कशी?

तांत्रिक अडचण मोठी नाही. चित्रांच्या देवाणघेवाणीचं डायकॉम हे प्रमाण 1993 पासून आहे. आता तर चित्रं रुग्णालयातच ठेवून फक्त संगणकाचं गणित एका ठिकाणाहून दुसरीकडे शिकत फिरवता येतं. अवघड आहे तो विश्वास. आपानंच मला विचारलं होतं, "भैया, इसका फोटू किधर जाता? नाम के साथ?" कागदपत्रांच्या भीतीत वाढलेल्या वस्तीत हा प्रश्न अगदी रास्त आहे. खरं उत्तर असं, की फाइलचं नाव बदललं तरी बऱ्याच इकोंमध्ये मुलाचं नाव चित्रावरच छापलेलं असतं. ते पुसलं का, हे विचारायचा आईला हक्क आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची संमती, हा 2023 च्या माहिती-संरक्षण कायद्याचा मूळ नियम. संमती म्हणजे उर्दूत, मराठीत समजावून घेतलेला होकार. घाईत उठवलेला अंगठा नव्हे. आणि तिनं नाही म्हटलं, म्हणून उपचार अडता कामा नये.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. इको झाला की कागदाबरोबर व्हिडिओची फाइल मागा. पेन ड्राइव्ह सोबत न्या आणि फडावर जाताना ती शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवा.

आपा मागच्या रांगेत बसली आहे. भाचीच्या ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा इको तिच्या पर्समध्ये आहे. चहाच्या वेळी लॅपटॉप उघडतो. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी या. तिनं परवानगी दिली आहे.